अहमदनगरच्या दोन भेटी

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या चर्चमंडळ्यांमधून दहा-पंधरा जणांचे गट परदेशी निघतात. कोणी मेक्सिकोला जाते, कोणी होंडुरासला, कोणी केनियाला. मुक्काम आठवडा-दोन आठवड्यांचा. तेवढ्यात शाळेची भिंत रंगवायची, एखादे घर उभे करायचे, मुलांचा बायबलवर्ग घ्यायचा, दवाखान्याचे शिबिर लावायचे आणि परतल्यावर रविवारच्या उपासनेत मंडळीपुढे साक्ष द्यायची. ‘शॉर्ट-टर्म मिशन ट्रिप’ या नावाने हा प्रघात तिथे इतका रुळला आहे की, रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षाला १६ लाखांच्या आसपास अमेरिकन ख्रिस्ती माणसे अशा प्रवासाला जात होती. त्यावरचा वाद जुना आहे. टीकाकार म्हणतात, आठ दिवसांत कोणाचे काय भले होणार, हे तर पर्यटन. समर्थक म्हणतात, आठ दिवस का होईना, माणूस घर सोडून दुसऱ्यासाठी निघाला, हे कमी आहे का? दोन्ही बाजू दिवस मोजत बसतात. माझे म्हणणे असे, की दिवसांच्या हिशेबाने या प्रश्नाचा निकाल लागत नाही. पाहुण्याने कोणाच्या दीर्घ मुक्कामाचा आधार घेतला, निर्णय कोणी केला आणि त्या निर्णयाचे परिणाम कोणाच्या वाट्याला आले, हे विचारले तर निकाल लागतो. याचा पुरावा आपल्याकडेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, सहा-सात वर्षांच्या अंतराने, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनला दोन थोडक्या भेटी घडल्या. एकीतून महाराष्ट्राच्या इतिहासाला वळण मिळाले. दुसरीने उभे काम मोडले आणि ते पुन्हा उभे करण्यात पुढच्यांची वर्षे गेली. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या शहरातल्या या दोन भेटी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, तर आजच्या मिशन ट्रिपबद्दलही पुष्कळ कळते.

आधी ज्यांच्याकडे हे पाहुणे आले त्यांच्याविषयी. अमेरिकन परदेशी मिशनचा उगम मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात सांगतात. १८०६ साली सॅम्युएल मिल्स आणि त्याचे चार सोबती प्रार्थनेला जमले असताना वादळ आले. गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी परदेशी जाऊन शुभवर्तमान सांगायचे ठरवले. त्या प्रेरणेतून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा देऊन पूर्वेकडे पाठवण्यात आले. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना थारा दिला नाही. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे हरतऱ्हेच्या अडचणींतून वाट काढत ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले, तेव्हा घर सोडून वर्ष झाले होते. सोबत निघालेली हॅरिएट न्यूवेल वाटेत मॉरिशसला वारली. ती १९ वर्षांची होती. निघतानाच परतीचा विचार सोडून द्यावा लागे, असा तो प्रवास होता. नॉट प्रकृती बिघडल्याने दोन-तीन वर्षांतच परतला. हॉल राहिला, मराठी शिकला, मराठीत लिहू लागला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेला. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे बसले, त्यातला विल्यम हार्वी काही महिन्यांतच कॉलऱ्याला बळी पडला. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आली, १८३९ मध्ये अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिली. या माणसांच्या धर्मप्रचाराबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्यांनी केलेल्या चुकांचे परिणाम त्यांना इथेच राहून सोसावे लागले. शाळेतून मुली काढून नेल्या तर दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचे, त्याच आयांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. दीर्घ मुक्कामाची किंमत मी या अर्थाने करतो.

या शाळा पाहायला १८४८ मध्ये पुण्याहून एक तरुण आला. जोतीराव फुले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, घरचा व्यवसाय फुलांचा. मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर त्यांनी मिस फरारच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्या पाहण्यातून आपल्याला प्रेरणा मिळाली, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. ते पुण्याला परतले आणि त्याच वर्षी बुधवार पेठेत, भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. पण भेट म्हणून तिच्याकडे पाहिले, तर तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली, अहमदनगरला त्यांनी काहीच केले नाही. भिंत बांधली नाही, वर्ग घेतला नाही, सल्ला दिला नाही. पाहिले, विचारले, समजून घेतले. दुसरी, जे पाहिले ते फरारबाईंच्या वीस-एकवीस वर्षांच्या कामाचे फळ होते. ती तिथे नसती तर पाहायला काही उरलेच नसते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पाहून सुचलेले काम त्यांनी स्वतःच्या गावात केले आणि त्याचे मोल स्वतः मोजले. वर्षभरात वडिलांचे घर सोडावे लागले. सावित्रीबाईंना पुण्याच्या रस्त्यांवर काय सोसावे लागले तेही सर्वांना ठाऊक आहे. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत आणि मिशनचे नोकरही झाले नाहीत. मिशनऱ्यांकडून घ्यावे ते घेऊन त्यांनी ते आपल्या बुद्धीने वापरले. थोड्या मुक्कामातून एवढे मोठे काम निघाल्याचे दुसरे उदाहरण त्या शतकाच्या महाराष्ट्रात शोधावे लागेल.

दुसरी भेट १८५४ च्या अखेरची. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि रॉक्सबरीच्या एलियट चर्चचे पाळक ऑगस्टस थॉम्पसन हे बोर्डाचे शिष्टमंडळ म्हणून नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरले. हॉल आणि नॉट यांना केप ऑफ गुड होपला वळसा घालून यावे लागले होते. या दोघांना आगबोट आणि सुएझमार्गे खुष्कीचा रस्ता मिळाला. चाळीस वर्षांत प्रवास इतका सोपा झाला होता की बोस्टनच्या कचेरीतला अधिकारी स्वतः येऊन पाहणी करू शकत होता. अँडरसन अडाणी पाहुणा नव्हता. तीसएक वर्षे तो बोर्डाचा पत्रव्यवहार पाहत होता आणि भारतातून गेलेले कागद त्याच्या नजरेखालून जात होते. पण हिंदुस्थानात त्याने पूर्वी पाऊल ठेवले नव्हते आणि मराठी त्याला येत नव्हती. मुंबई, अहमदनगर, मग दक्षिणेत मदुरा, मद्रास आणि श्रीलंकेतले जाफना असा दौरा करून शिष्टमंडळ परतले. ठिकठिकाणी मिशनऱ्यांच्या सभा भरल्या, लांबलचक ठराव झाले. त्यांचा गाभा असा, की मिशनने इंग्रजी शाळा चालवू नयेत, शिक्षण देशी भाषेतून आणि चर्चच्या गरजेपुरते द्यावे, मिशनऱ्यांनी शाळेत अडकून न पडता गावोगावी प्रचार करावा आणि लवकरात लवकर देशी पाळक नेमावेत. त्यानुसार मुंबई आणि अहमदनगरचे इंग्रजी शिक्षण गुंडाळले गेले. मद्रासची इंग्रजी शाळा गेली. जाफन्याजवळ वड्डुक्कोड्डै इथे १८२३ पासून चाललेली बट्टिकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद पडली.

अँडरसनला न्याय द्यायचा तर त्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. परदेशी मंडळाने कायमचे ठाण मांडून बसू नये, असे त्याचे ठाम मत होते. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः उचलावा, प्रसार स्वतः करावा, या त्रिसूत्रीचा तो जनक मानला जातो. इंग्लंडचा हेन्री व्हेनही याच निष्कर्षावर स्वतंत्रपणे आला होता. त्याच सुमारास हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना अहमदनगरात पाळक म्हणून दीक्षा मिळाली, त्यामागे हाच विचार होता. इंग्रजी शिकलेली मुले सरकारी नोकरीकडे जातात, खेड्यातल्या मंडळीला त्यांचा उपयोग होत नाही, हे निरीक्षणही खोटे नव्हते. आणि मातृभाषेतून शिक्षण द्यावे, या मुद्द्यावर तर आजचा मराठी वाचक मनातून त्याच्याच बाजूला उभा राहील. शिवाय ठराव वरून लादले नव्हते, मिशनऱ्यांनी सभेत बसून संमत केले होते, असे त्याचे समर्थक सांगत. एवढे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतो. ज्यांच्या मुलांसाठी शाळा होती, त्यांचे मत कोणी घेतले? मिशन ही संस्था तेव्हा अमेरिकन मिशनऱ्यांची होती. मराठी ख्रिस्ती माणूस तिथे शिक्षक होता, प्रचारक होता, नुकताच पाळक होऊ लागला होता, पण मिशनच्या कारभारात त्याला मत नव्हते. आणि ज्याच्या हाती पैशाची थैली आहे त्याच्यासमोर पगारी मिशनऱ्याने दिलेली संमती कितपत मोकळी म्हणायची? स्वयंशासनाचे तत्त्व काही महिन्यांच्या पाहुण्याच्या हुकमाने लागू झाले. या विसंगतीतच त्या भेटीचे अपयश सामावलेले आहे.

अपयश म्हणतो ते पुराव्यावरून. ज्या महिन्यांत शिष्टमंडळ इंग्रजी शाळा बंद करत होते, त्याच काळात वुडच्या १८५४ च्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचे दार उघडले होते. १८५७ मध्ये मुंबई, मद्रास आणि कलकत्ता विद्यापीठे निघाली. नोकरी, वकिली, वैद्यकी यांची वाट आता इंग्रजीतून जाणार हे उघड होत होते. अहमदनगर भागातल्या मंडळीत पुढे बहुसंख्य झाले ते महार समाजातले लोक. ब्राह्मणांच्या मुलाला सरकारी शाळेत इंग्रजी मिळत होते. गावकुसाबाहेरच्या मुलाला मिशनच्या शाळेवाचून दुसरी आशा नव्हती, आणि तिथेही त्याच्या वाट्याला प्रचारक होण्यापुरते शिक्षण आले. बट्टिकोट्याची साक्ष तर आणखी बोलकी आहे. मद्रास विद्यापीठाचे पहिले दोन पदवीधर, सी. डब्ल्यू. दामोदरम पिळ्ळै आणि कॅरोल विश्वनाथ पिळ्ळै, दोघेही बट्टिकोट्याचे विद्यार्थी. सेमिनरी बंद झाली १८५५ मध्ये, हे पदवीधर झाले १८५७ मध्ये. इंग्रजी शिकलेला माणूस आपल्या लोकांपासून तुटतो, असे अँडरसनचे मत होते. याच दामोदरम पिळ्ळैंनी पुढे आयुष्य घालवले ते जुने तमिळ ग्रंथ ताडपत्रांवरून शोधून, शुद्ध करून, छापून काढण्यात. स्थानिक ख्रिस्ती लोकांनी पुढाकार घेतला तेव्हा त्याच वड्डुक्कोड्डैत १८७२ मध्ये जाफना कॉलेज निघाले. मुंबई आणि अहमदनगरलाही पुढच्या पिढीतल्या मिशनऱ्यांना इंग्रजी शाळा पुन्हा उभाराव्या लागल्या. मोडायला एक दौरा पुरला. पुन्हा जोडायला एक पिढी लागली, आणि मधल्या काळात ज्यांचे शिकायचे वय होते त्यांना ती वर्षे कोणी परत दिली नाहीत.

या निर्णयाला आव्हान दिले तेही आपल्याच मुलखात काम करणाऱ्या माणसाने. रॉयल गुल्ड वाइल्डर १८४६ मध्ये अहमदनगरला आला, १८५२ मध्ये त्याने कोल्हापूरचे ठाणे उघडले. शाळांवर त्याची श्रद्धा होती. शिष्टमंडळाच्या धोरणावरून त्याचे आणि बोर्डाचे बिनसले. बोर्डातही खळबळ होती. १८५६ मध्ये ऑल्बनीला खास सभा भरवून शिष्टमंडळाच्या कामाची चर्चा करावी लागली. १८५७ मध्ये आजारपणामुळे मायदेशी गेलेल्या वाइल्डरला बोर्डाने परत पाठवायचे नाकारले. तो १८६१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर कोल्हापूरला परतला आणि मिशनच्या शाळांच्या बाजूने पुस्तक लिहून बोर्डाशी जाहीर वाद घातला. १८७० मध्ये कोल्हापूरचे काम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. मिशन ट्रिपच्या इतिहासात या मुलाला महत्त्वाची जागा आहे. प्रिन्स्टनला शिकून तो १८८६ च्या उन्हाळ्यात डी. एल. मूडीच्या माउंट हर्मनच्या शिबिराला गेला. अडीचशेच्या आसपास विद्यार्थी जमले होते. रॉबर्टच्या धडपडीने त्यांतल्या १०० जणांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी लिहून दिली. तिथून ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत तिच्यामार्फत अमेरिकन विद्यार्थी हजारोंनी परदेशी गेले. सुट्टीत परदेशी जाऊन देवाचे काम करणाऱ्या तरुणाची आजची प्रतिमा याच चळवळीतून आलेली आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की माउंट हर्मनच्या कागदावर सही करणारा तरुण आयुष्य देत होता. आयुष्याची जागा आठवड्याने घेतली ती पुढे.

ती कशी घेतली, हे पाहताना धर्मशास्त्रापेक्षा वाहतुकीकडे पाहावे लागते. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित ये-जा सुरू झाली आणि दिवसांचा प्रवास तासांवर आला. जॉर्ज व्हर्वर १९५७ मध्ये कॉलेजचा विद्यार्थी असताना दोन मित्रांसह मेक्सिकोत पुस्तिका वाटायला गेला. त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ आले. लॉरेन कनिंगहॅमने १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ काढले. त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने पीस कोअर स्थापन केला. तरुणाने थोडा काळ परदेशी जाऊन सेवा करावी, ही कल्पना त्या दशकात चर्च आणि सरकार दोघांनी एकाच वेळी उचलली. म्हणजे आजची मिशन ट्रिप हॉल आणि फरार यांच्या परंपरेपेक्षा स्वस्त तिकीट, कॉलेजची सुट्टी आणि युद्धोत्तर अमेरिकेची सुबत्ता यांची अधिक ऋणी आहे. हे म्हणताना कोणाच्या श्रद्धेवर शंका घेण्याचा हेतू नाही. जाणाऱ्या मुलामुलींच्या मनात खरी तळमळ असते. पण तळमळ खरी असली म्हणजे काम बरोबर ठरत नाही, हे त्या काळातच एका माणसाने त्यांच्या तोंडावर सांगितले. कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे संस्था चालवत होता. १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेत त्याने सांगितले, की मेक्सिकोला मदत करायला येऊ नका. पाहायला या, शिकायला या, इथल्या डोंगरांवर चढा, पण तुमचा सद्हेतू आमच्यावर लादू नका. १८४८ मध्ये जोतीराव अहमदनगरला जसे आले, तसे या, असेच जणू तो सांगत होता.

इलिचचे म्हणणे भावनेचे होते म्हणावे, तर पुढे आकडेही आले. १९९८ मध्ये मिच नावाच्या चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केले. अमेरिकेतून चर्चचे गट घरे बांधायला धावले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्या घरांत राहणाऱ्यांकडे आणि ती बांधणाऱ्यांकडे जाऊन तपास केला. त्याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक ख्रिस्ती संस्थेने बांधलेल्या घराला सुमारे २,००० डॉलर पडले होते. परदेशी गटाने बांधलेल्या घरामागे प्रवासासह सरासरी ३०,००० डॉलर गेले होते. दोन्ही प्रकारच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात त्याला लक्षणीय फरक दिसला नाही. घर चांगलेच होते, प्रश्न तो नव्हता. एका गटाच्या एकूण खर्चात पंधरा कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले असते आणि त्या गावातल्या गवंड्याला मजुरी मिळाली असती. समर्थकांचा ठरलेला खुलासा असा, की गट गेला त्याचा खरा लाभ गटालाच होतो. माणसे बदलतात, परतल्यावर जास्त दान देतात, प्रार्थना करतात. व्हर बीकने हेही तपासले. बहुतेकांच्या देणगीत आणि वागण्यात टिकाऊ बदल फारसा आढळला नाही. म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या गावात येऊन काम केले आणि स्वतःच्या गावात काहीच केले नाही. जोतीरावांच्या भेटीच्या हे अगदी उलट झाले.

तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला, स्थानिक मंडळ्यांना हे गट हवे असतात, मग आपण का बोलावे? रॉबर्ट प्रीस्ट या मानवशास्त्रज्ञाने पेरूत पाहिले, की लिमातल्या छोट्या इव्हँजेलिकल मंडळ्या परदेशी पाहुण्यांच्या सोबतीने अशा ठिकाणी पोचतात, जिथे एरवी त्यांना कोणी विचारत नाही. हे खरे आहे. आणि नीट पाहिले तर यातून माझा मुद्दा बळकटच होतो. तिथे पाहुण्याचा उपयोग कसा करायचा हे स्थानिक पाळक ठरवतो. पाहुणा आठ दिवसांनी जातो आणि नाते, काम आणि जबाबदारी पाळकाकडेच राहते. दुसरा आक्षेप, जोतीराव परके नव्हते. भाषा त्यांची, मुलूख त्यांचा, मग परदेशी गटाशी त्यांची तुलना कशी? तुलना पाहुणा किती जवळचा होता याची नाही. पाहिलेले घेऊन तो कुठे गेला याची आहे. टेक्सासच्या मुलीला होंडुरासची भाषा येणार नाही, पण होंडुरासचे मजूर टेक्सासच्या शेतात आणि बांधकामावर राबतात, त्यांच्याशी कसे वागले जाते हे तिला परतल्यावर पाहता येईल आणि त्याबद्दल आपल्या मंडळीत बोलता येईल. तिचा भिडेवाडा तिच्याच गावात आहे. तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार. दीर्घ मुक्काम करणारे मिशनरी तरी कुठे निर्दोष होते? साम्राज्याच्या छायेत ते राहिले, बंगल्यात राहिले, मराठी माणसाला पगारी नोकर मानले. हे मान्यच करावे लागते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरात मिशनचे काम वर्षानुवर्षे केले आणि अखेर १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्त त्यांना हवा होता, परक्यांची हुकमत नको होती. म्हणूनच मी दिवस मोजत नाही. चाळीस वर्षे राहूनही निर्णय स्वतःच्या मुठीत ठेवणारा मिशनरी आणि काही महिन्यांत निर्णय देऊन जाणारा चिटणीस, दोघांची चूक एकाच जातीची आहे. पहिल्याला निदान चूक उमगायला आणि सुधारायला वेळ मिळतो.

मराठी वाचकाने हा प्रश्न अमेरिकन चर्चवर सोडून मोकळे होऊ नये. सप्ताहअखेर पाड्यावर जाऊन कपडे वाटणारे, एका दिवसाचे आरोग्य शिबिर लावून फोटो घेऊन परतणारे गट आपल्या शहरांतूनही निघतात. धर्माचे नाव नसले म्हणून त्यांचा हिशेब वेगळा होत नाही. त्याच वेळी, थोडा मुक्काम कसा सार्थ करावा याचा नमुनाही आपल्याकडे आहे. बाबा आमट्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तरुण काही दिवस येत, कुष्ठमुक्त माणसांच्या बरोबरीने राबत आणि परत जात. त्या दिवसांत त्यांनी खणलेल्या मातीने सोमनाथ उभे राहिले असे कोणी म्हणणार नाही. तिथे आधीपासून मुरलेल्या माणसांकडून शिकून गेलेल्यांतल्या कित्येकांनी पुढे आपापल्या भागात काम उभे केले, हे त्या छावणीचे खरे मोल. म्हणून परदेशी निघणाऱ्या मंडळीने आणि पाड्यावर निघणाऱ्या मंडळाने आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ज्या गावी जातो तिथे वर्षानुवर्षे राहून काम करणारे कोण आहे आणि त्याने आपल्याला बोलावले आहे का? तिथे काय करायचे हे तो ठरवणार की आपण? आणि परतल्यावर, आपल्याच गावात, आपल्याला मोल मोजावे लागेल असे कोणते काम आपण हाती घेणार? या तिन्हींची उत्तरे देता आली तर आठवडासुद्धा पुष्कळ झाला. देता आली नाहीत, तर तिकिटाचे पैसे त्या गावच्या गवंड्याकडे, शिक्षकाकडे, परिचारिकेकडे पाठवावेत. शुभवर्तमानावर ज्याची श्रद्धा आहे त्यालाही यात कमीपणा वाटायचे कारण नाही. शेजाऱ्यावर प्रेम करावे हीच त्याची आज्ञा आहे, आणि शेजाऱ्याच्या शहाणपणावर विश्वास ठेवणे हा त्या प्रेमाचाच भाग आहे.